चाळिशीनंतरची पहिली बैठक

२००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र काढलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे प्रा. जॉन युडकिन. उंची-वजनाच्या गणितातून निघणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही सारखाच होता, २२.३. तक्त्याप्रमाणे दोघेही प्रमाणात. पण अंगातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

हातापायांनी बारीक, पोटाशी थोडी सुटलेली आणि काट्यावर अगदी निर्दोष अशी शरीरयष्टी आपल्याकडे घरोघरी दिसते. तिच्यात चरबी जास्त असते आणि स्नायू कमी, म्हणून काटा गप्प राहतो. 'माझं वजन तर बरोबर आहे, मला व्यायामाची काय गरज' हे वाक्य म्हणूनच फसवे आहे. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचे सर्वात मोठे गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. ते कमी असले की साखर रक्तातच रेंगाळते. देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली समोर आला. त्यात वय, खाणे, आनुवंशिकता असे सगळेच गुंतलेले आहे. यातली स्नायूंची बाजू मात्र माणसाला घरबसल्या सुधारता येते, आणि नेमके तिच्याकडेच फारसे कोणी पाहत नाही.

तिशी ओलांडली की व्यायाम न करणाऱ्या माणसाचे स्नायू दर दशकाला साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटत जातात. साठीनंतर हा वेग वाढतो, आणि ताकद तर स्नायूंच्या वजनापेक्षाही भरभर उतरते. सुरुवातीला कुणाच्या लक्षात येत नाही. मग एके दिवशी जमिनीवर मांडी घालून जेवायला बसलेल्या माणसाला उठताना भिंतीचा आधार लागतो, बरणीचे झाकण मुलाकडे द्यावे लागते, एसटीच्या पायरीवर चढताना दांडा घट्ट धरावा लागतो. त्याला सगळे 'वय झालं' म्हणतात. त्यातला बराचसा भाग वयाचा नसून न वापरलेल्या स्नायूंचा असतो.

पुण्याची वेताळ टेकडी असो, दादरचे शिवाजी पार्क असो की कोल्हापूरचा रंकाळा, सकाळी सहाला तिथे चालणाऱ्यांची रांग लागलेली असते. ही फार चांगली गोष्ट आहे आणि कोणीही ती सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम सांगितला आहे. झपझप चालणे त्यात चपखल बसते. पण त्याच सूचनांत पुढे आणखी एक गोष्ट सांगितली आहे: आठवड्यातून निदान दोन दिवस शरीराच्या सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. पासष्टीपुढच्यांसाठी याशिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही आहेत. यातले पहिले सर्वांच्या तोंडपाठ झाले, बाकीचे वाऱ्यावर राहिले.

चालण्याने हृदय, फुप्फुसे, मन यांना लाभ होतो. परंतु चालताना पायांवर रोज तेवढाच भार येतो. एकदा त्याची सवय झाली की पाय आणखी बळकट होण्याचे कारण उरत नाही. हात, खांदे, पाठ यांना तर चालण्यात कामच नसते. सूर्यनमस्काराचेही काहीसे असेच. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा आयुष्यभर प्रसार केला, तो घराघरात रुजला आणि त्यातून लवचीकता, दम, खांद्याची थोडी ताकद मिळते हे निर्विवाद. पण त्यात काही ओढण्याची हालचाल नाही आणि भार आपल्याच शरीराएवढा, कायमचा ठरलेला. दहा वर्षे रोज बारा नमस्कार घालणाऱ्याची ताकद पहिल्या काही महिन्यांत जिथे पोचते, तिथेच थांबते.

ताकद वाढवायची तर भार वाढत गेला पाहिजे. आज हे कुठलाही जिम ट्रेनर सांगेल, पण वैद्यकशास्त्राने ते मान्य करायला दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये जखमी अमेरिकी सैनिकांवर उपचार करणारे थॉमस डिलॉर्म हे तरुण डॉक्टर पोरवयात संधिवाताच्या तापाने आजारी होते आणि वजने उचलून त्यांनी प्रकृती कमावली होती. गुडघ्याला इजा झालेल्या सैनिकांना त्या काळी हलक्या व्यायामाची असंख्य आवर्तने करायला लावत. डिलॉर्म यांनी उलट केले. पायाला लोखंडी बूट बांधून जड वजन थोड्या वेळा उचलायला लावायचे आणि ते जमले की वजन वाढवायचे. १९४५ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज जगभरच्या जिममध्ये दहा-दहाचे तीन सेट मारले जातात, ती पद्धतही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने काही वर्षांतच मांडली.

आपल्या तालमींना हे तत्त्व ठाऊक होते. नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारायला लावत नसे. थोड्यापासून सुरुवात, रोज चढता आकडा, आणि जोर-बैठकांच्या जोडीला मुद्गल, नाल, दोर, मलखांब. म्हणजे ढकलणे, ओढणे, उचलणे, पेलणे सगळे आले. तालीम मागे पडली आणि प्रौढ माणसाच्या हाती उरले ते फक्त चालणे.

"आता या वयात?" हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो. बॉस्टनमध्ये मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृद्धाश्रमातले दहा जण होते, सरासरी वय ९० वर्षे. आठ आठवडे त्यांच्याकडून मांडीच्या स्नायूंचा चांगला कसून व्यायाम करून घेतला, तोही जड वजनांवर, देखरेखीखाली. जे नऊ जण शेवटपर्यंत टिकले त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी तर चालताना लागणारी काठी सोडली. अभ्यास छोटा होता, पण नव्वदीतही स्नायू हाकेला ओ देतात हे त्याने दाखवून दिले. पंचेचाळिशीच्या माणसाने वयाची सबब सांगायला आता जागा नाही.

सुरू करण्यापूर्वी काही गोष्टी प्रामाणिकपणे तपासाव्यात. जिना चढताना छातीत दडपण येते का, विनाकारण धाप लागते का, चक्कर येते का, रक्तदाब आटोक्यात आहे का? हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर झालेला परिणाम यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि काय करणार ते नेमके सांगावे. नुसते 'व्यायाम करू का?' असे विचारले तर उत्तरही 'करा, पण जपून' एवढेच मिळते. 'आठवड्यातून दोनदा बैठका आणि पाच किलो वजन उचलणार आहे' असे सांगितले तर सल्ला कामाचा मिळतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर व्यायामानंतर साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून औषधाच्या वेळांबद्दलही विचारून घ्यावे.

आता प्रत्यक्ष व्यायाम. पहिले तीन महिने जिमची फी भरण्याची गरज नाही. आठवड्यातले दोन दिवस ठरवावेत, उदाहरणार्थ मंगळवार आणि शुक्रवार, म्हणजे मध्ये स्नायूंना सावरायला वेळ मिळतो. अर्धा-पाऊण तास पुरतो. सुरुवातीला पाच मिनिटे घरातल्या घरात चालून, हात-खांदे फिरवून अंग गरम करावे.

पहिला व्यायाम बैठकीचा, आणि तो नीट शिकण्यात थोडा वेळ गेला तरी चालेल, कारण बाकी सगळे यावर उभे आहे. पाठीला भिंत लागेल अशी एक घट्ट, न घसरणारी खुर्ची ठेवावी. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची नको. तिच्यापुढे पाय खांद्यांइतके फाकवून उभे राहावे, चवडे किंचित बाहेर वळलेले. मग नितंब मागे नेत, तीन आकडे मोजत हळू खाली जावे आणि खुर्चीला टेकावे. धप्पकन पडू नये. गुडघे आत कोसळू न देता पायाच्या बोटांच्या दिशेने राहावेत, टाचा जमिनीला चिकटलेल्या. आता हात छातीवर बांधून, टाचांनी जमीन दाबत उठावे. उठताना श्वास सोडावा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब क्षणात वर जातो, म्हणून ज्यांना त्याचा त्रास आहे त्यांनी हे विशेष सांभाळावे.

आठ वेळा जमले की दीड-दोन मिनिटे थांबून पुन्हा आठ, आणि शक्य असल्यास तिसऱ्यांदा. न जमल्यास खुर्चीवर घट्ट उशी किंवा घडी घातलेली सतरंजी ठेवून उंची वाढवावी. एवढे सोपे वाटले की उशी काढावी, पुढे खुर्चीऐवजी बुटके स्टूल घ्यावे, मग छातीशी पाण्याचा कॅन धरावा. पाच लिटरच्या कॅनला मोल मोजावे लागत नाही आणि त्याचा एक गुण डंबेललाही नाही: अर्धा लिटर पाणी ओतले की भार बरोबर अर्ध्या किलोने वाढतो. जिममधली नेहमीची सर्वात लहान प्लेट सव्वा किलोची, दोन्ही बाजूंना मिळून अडीच किलो. नवख्या माणसाला, विशेषतः खांद्याच्या व्यायामात, ती उडी मोठी पडते.

"गुडघे दुखतात, बैठका कशा मारू?" असे विचारणारे खूप भेटतात. गुडघ्याच्या झिजेवर जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत पहिला उपाय म्हणून व्यायामच सांगितला आहे आणि त्यात मांडीच्या स्नायूंच्या ताकदीला महत्त्वाचे स्थान आहे. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून 'ग्लॅड' नावाचा असाच कार्यक्रम चालतो, पुढे तो इतर देशांतही गेला. मात्र दुखऱ्या गुडघ्यासाठी खोली कमी ठेवावी, खुर्ची उंच घ्यावी आणि करताना दुखणे सुसह्य असेल, दुसऱ्या दिवशी पूर्वीइतकेच राहील, इतपतच करावे. सूज येत असेल किंवा गुडघा अडकत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

दुसरा जोर. जमिनीवरचा जोर चाळिशीतल्या नवख्या माणसाला पहिल्या दिवशी बहुधा जमत नाही आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. भिंतीपासून हातभर लांब उभे राहून भिंतीवर जोर काढावेत. ते बारा-बारा सहज झाले की स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कडेवर, मग पलंगाच्या काठावर, शेवटी जमिनीवर. आधार जितका खाली तितका भार जास्त. डोक्यापासून टाचेपर्यंत अंग सरळ राहिले पाहिजे, कंबर लोंबू देऊ नये.

तिसरा, जमिनीवरून वजन उचलण्याचा. यातच लोकांची कंबर धरते. भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो आणि टाकीचे स्वतःचे वजन साधारण पंधरा-सोळा किलो. म्हणजे तिसेक किलोचा ऐवज माणूस कसलीही तयारी नसताना पाठ वाकवून उचलायला जातो. आधी वाकायला शिकावे. भिंतीकडे पाठ करून, तिच्यापासून एक पाऊल पुढे उभे राहावे आणि गुडघे जरासे सैल ठेवून नितंबांनी भिंतीला स्पर्श करण्याचा प्रयत्न करावा. पाठ सपाट राहून खुब्यातून वाकल्याची जी जाणीव मांड्यांच्या मागच्या बाजूला होते, तीच हवी. ती सापडली की कापडी पिशवीत पाच किलो तांदूळ घालून, पिशवी पायांजवळ ठेवून, तसेच वाकून उचलावी आणि सरळ उभे राहावे. पिशवी अंगापासून लांब जाऊ देऊ नये. दहाच्या वर आवर्तने सोपी झाली की तांदूळ वाढवावेत. सिलिंडर फार पुढची गोष्ट.

चौथा ओढण्याचा: एक हात पलंगावर टेकून, पाठ सपाट ठेवून दुसऱ्या हाताने पिशवी किंवा कॅन बरगडीपर्यंत ओढावा, कोपर मागे न्यावे. दिवसभर संगणकापुढे खांदे पाडून बसणाऱ्यांना याची सर्वाधिक गरज असते. पाचवा सर्वात साधा. दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन ताठ चालायचे, तीस-चाळीस पावले. यात मूठ, दंड, पाठ, पोट सगळे राबते. मुठीच्या ताकदीला डॉक्टर किती महत्त्व देतात याची अनेकांना कल्पना नसते. भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्युअर' या अभ्यासात मुठीची पकड कमकुवत असणे हे मृत्यूच्या धोक्याचे निदर्शक म्हणून रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही प्रभावी ठरले. यावरून स्प्रिंगचे ग्रिपर दाबत बसायचे नाही. पकड ही सगळ्या शरीराच्या ताकदीची खबर देते, म्हणून सगळे शरीरच कमवायचे.

साठीपुढच्यांनी याला एका पायावर उभे राहण्याची जोड द्यावी, ओट्याला बोटे टेकवून. रोज.

किती जोर लावावा? सेट संपेल तेव्हा 'अजून दोन-तीन वेळा जमले असते' असे वाटले पाहिजे. दहा वेळा जमले असते तर भार फार कमी, आणि शेवटचे आवर्तन थरथरत, वेडेवाकडे झाले तर फार जास्त. हलक्या वजनांनी जास्त आवर्तने केली तरी स्नायू वाढतात, अट एवढीच की शेवटी शेवटी खरोखर कष्ट पडले पाहिजेत. म्हणून महागडी साधने नाहीत ही अडचण मानू नये.

आणि वही ठेवावी. या लेखातले बाकी सारे विसरले तरी चालेल, पण वही विसरू नये, कारण भार चढतोय की नाही हे स्मरणशक्ती सांगू शकत नाही. जुन्या डायरीतले पान पुरेसे आहे: 'मंगळवार. बैठक, खुर्ची, कॅन २ लि., ९-८-८. जोर, ओटा, ७-६-६. तांदूळ पिशवी ५ किलो, १०-१०. ओढणे ३ किलो, १०-१०, डावा कच्चा. पिशव्या ४ + ४, बाल्कनीपर्यंत दोनदा.' पुढच्या मंगळवारी या पानाकडे बघून कुठेतरी एक आवर्तन जास्त करायचे. सगळे सेट बाराला पोचले की अर्धा किलो किंवा एक किलो वाढवायचा, आवर्तने पुन्हा आठवर येतील, मग परत चढायचे. रोज सगळीकडे वाढ होणार नाही. महिन्याभराची पाने उलटली की फरक दिसतो.

पहिल्या आठवड्यांत एक गंमत घडते. स्नायू अजून फारसे वाढलेले नसतानाही ताकद झपाट्याने वाढते, कारण मेंदू आणि मज्जातंतू आहेत त्याच स्नायूंना अधिक चांगले कामाला लावायला शिकतात. आरशात काही दिसत नाही म्हणून याच काळात बरेच जण सोडून देतात. आरसा आणि काटा बाजूला ठेवून दुसरी मोजमापे घ्यावीत. तीस सेकंदांत हात न लावता खुर्चीतून किती वेळा उठता येते? साठ ते चौसष्ट वयोगटात पुरुषांना १४ पेक्षा कमी आणि स्त्रियांना १२ पेक्षा कमी वेळा जमले, तर ते सरासरीखाली समजतात. चाळिशीच्या माणसाला याहून अधिक जमायला हवे. दुसरे माप कंबरेचे. भारतीयांसाठी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. दर महिन्याला एकदा शिंप्याच्या टेपने मोजावे.

दुखण्याविषयी. नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिना उतरताना तोंड वाकडे होते. हे दोन्ही पायांना सारखे, स्नायूच्या गाभ्यात आणि काही दिवसांत ओसरणारे असेल तर काळजी नको, हलके चालत राहावे. सांध्यात कळ येणे, एकाच बाजूला टोचणे, हातापायात मुंग्या येणे हे वेगळे, तिथे थांबावे. उत्साहाच्या भरात, मित्रांशी पैज लावून पहिल्याच दिवशी दोन-तीनशे बैठका मारणारे लोक असतात. अशा अतिरेकाने स्नायूंचे तंतू तुटून त्यातले द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांवर आघात होऊ शकतो. व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, स्नायू सुजून कडक झाले, तर घरी उपाय न करता लगेच रुग्णालय गाठावे.

बायकांच्या मनात एक जुनी भीती असते, वजने उचलली की अंग पुरुषी होईल. पुरुषांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन स्त्रियांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. आठवड्यातून दोनदा पिशव्या उचलून कोणाचेही दंड पैलवानासारखे होत नाहीत. उलट या व्यायामाची निकड बायकांनाच अधिक, कारण पाळी थांबल्यानंतर हाडे वेगाने ठिसूळ होतात. ऑस्ट्रेलियात हाडांची घनता कमी झालेल्या, पाळी थांबलेल्या सुमारे शंभर स्त्रियांवर 'लिफ्टमोर' नावाचा अभ्यास झाला. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास जड वजनांचा व्यायाम देखरेखीखाली केला. २०१८ साली निष्कर्ष आले: त्या गटात मणक्याची घनता जवळपास तीन टक्क्यांनी वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती घटली. 'देखरेखीखाली' हा शब्द विसरू नये. हाडे ठिसूळ असल्याचे निदान झालेल्यांनी जाणकार फिजिओथेरपिस्टकडूनच सुरुवात करावी. घरातल्या सर्वांचे जेवण आटोपल्यावर उरलेल्या वेळात नव्हे, ठरलेल्या वेळी त्यांना हा अर्धा तास मिळाला पाहिजे, आणि तो मिळवून देणे ही घरातल्या इतरांचीही जबाबदारी आहे.

स्नायू घडायला प्रथिने लागतात, आणि इथे मराठी ताट थोडे उणे पडते. राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम असावीत, असे बहुतेक क्रीडा-आहारतज्ज्ञ मानतात. म्हणजे त्याच माणसाला सत्तरच्या पुढे. एका पोळीत तीनेक ग्रॅम, पातळ आमटीच्या वाटीत चार-पाच, कपभर दुधात सहा-सात. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी हे तिन्ही नाश्ते या हिशेबात गरीब. साबुदाण्यात तर प्रथिने जवळजवळ नसतातच, खिचडीला जे काही मिळते ते शेंगदाण्याच्या कुटाचे.

ताट उलथेपालथे करण्याची गरज नाही. पोह्यांत मोड आलेली मटकी घालावी, सोबत वाटीभर दही. आमटी दाट करावी किंवा उसळीची वाटी मोठी. एका अंड्यात सहा ग्रॅम, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊच्या आसपास, तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत पंधरा. पिठले हा उत्तम पदार्थ, बेसनात शंभर ग्रॅमला वीसहून अधिक. कोकण-गोव्यातल्या मासे खाणाऱ्या घरांत प्रश्न बराचसा सुटलेलाच असतो. पावडरीचे डबे अनिवार्य नाहीत. घ्यायचेच तर डब्यावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक पाहावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

तीन महिने वही भरली आणि घरातली वजने अपुरी पडू लागली की मग जिम किंवा व्यायामशाळा शोधावी. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी जाऊन दहा मिनिटे नुसते पाहावे. ट्रेनर नवख्यांजवळ उभा राहतो की फोनवर असतो? नाव नोंदवताना आजार, औषधे विचारली जातात का? पन्नाशीची माणसे, बायका तिथे मोकळेपणाने व्यायाम करताना दिसतात का? वर्षाची फी एकदम भरण्यापूर्वी महिनाभर अनुभव घ्यावा. महिन्यात शरीर पालटण्याची हमी देणाऱ्याकडे, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कसलेही इंजेक्शन किंवा गोळी पुढे करणाऱ्याकडे पुन्हा पाऊल टाकू नये. अनेक गावांत जुन्या व्यायामशाळा अजून नाममात्र फीमध्ये चालतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी, १९१४ साली स्थापन झालेली संस्था आजही उभी आहे. जवळपास अशी जागा असेल तर तिथे चौकशी जरूर करावी.

खंड पडणारच. लग्नसराई, गणपती, मुलांच्या परीक्षा, गावाकडचे कार्य. अशा काळात आठवड्यातून एकदाच, पण नेहमीच्याच वजनाने एकेक-दोनदोन सेट केले तरी कमावलेली ताकद बराच काळ टिकते, म्हणून पूर्ण बंद करण्यापेक्षा कमी करावे. दोन आठवडे अगदीच बुडाले तर वहीतल्या शेवटच्या पानापेक्षा जरा हलके सुरू करावे. महिना गेला असेल तर भार दोन तृतीयांशावर आणावा, तो पहिल्या वेळेपेक्षा पुष्कळ लवकर परत चढतो. डेंग्यू किंवा तशाच कडक तापातून उठलेल्याने डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आधी आठवडाभर नुसते चालावे, मग निम्म्या वजनाने एकच सेट करावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थकवा उतरलेला नसेल तर पुन्हा चालण्यावर यावे.